शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वडिलांना घोटभर चहा दिला तर चालेल का?

नाही, चालणार नाही. पूर्ण भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, आणि त्या अवस्थेत पोटातले अन्न घशाशी आले तर ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून जिवावर बेतू शकते. साधे पाणी सहसा 2 तास आधीपर्यंत चालते. दुधाच्या चहाला मात्र 6 तासांचे अंतर लागते, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणाला 8 तास किंवा अधिक. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध पिणाऱ्या माझ्या वडिलांनी शस्त्रक्रियेच्या पहाटेही पेलाभर दूध घेतले होते. मी ते भूलतज्ज्ञांना लगेच सांगितले, तेव्हा शस्त्रक्रिया दुपारवर गेली. वडील रागावले, तरीही असे काही घडल्यास कृपया लपवू नका. मधुमेहाच्या गोळ्यांविषयी आदल्या दिवशीच विचारून ठेवा.