काळ्या मातीच्या प्लॉटवर घर बांधायचं आहे. काम सुरू होण्याआधी काय काय तयारी करून ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बार्शीजवळ ४० बाय ७५ फुटांचा प्लॉट, जमीन काळी, दोघा भावांचं खाली-वर घर आणि दसऱ्यानंतर काम काढायचं. तोवर काय उरकून ठेवावं?

यादी करायला बसलात तर पानं भरतील. मी क्रम असा लावतो की जे नंतर दुरुस्त होत नाही, ते आधी. फरशी बदलता येते, दार सरकवता येतं, प्रसंगी भिंतही पाडता येते. हद्द, पाया आणि जोत्याची लेव्हल यांत चूक झाली तर मात्र पैसा ओतूनही ती पुरती निघत नाही.

हद्दीसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आत्ताच टाका. तारीख लगेच मिळेल असं धरून चालू नका. मोजणीच्या दिवशी शेजारच्यांना बोलावून घ्या, खुणा त्यांच्यासमोर होऊ द्या आणि त्याच दिवशी त्या जागी दगड काँक्रीटमध्ये बसवून टाका. लाकडी खुंट्या चार दिवसांत गायब होतात. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा. मग टेप घेऊन दोन्ही कर्ण स्वतः मोजा. ४० बाय ७५ चा कर्ण बरोबर ८५ फूट येतो. चारही बाजू बरोबर भरल्या, पण एक कर्ण ८६ आणि दुसरा ८४ निघाला, तर प्लॉट तिरका आहे आणि मागची बाजू पुढच्या मानाने सुमारे दोन फूट सरकलेली आहे. नकाशात बाजूला ६ फूट मोकळे दाखवलेले असतील, तर मागे गेल्यावर ते ४ च उरतात. हे आत्ता कळलं तर प्लॅन थोडा वळवून घेता येतो.

कागदपत्रांत सातबारा सामाईक आहे की स्वतंत्र, आणि जागा अकृषक झाली आहे की नाही, हे आधी बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावाही नाही आणि बांधकाम परवानगीही नाही. बँक कर्जासाठी मंजूर नकाशा मागतेच, त्यामुळे परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. शेजारून वीज ओढून काम करण्यापेक्षा महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. प्लॉटवरून किंवा कडेने तारा जात असतील तर तेही आत्ताच बघा. ११ केव्हीच्या तारेपासून बांधकामाचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं, आणि बाल्कनी, सज्जासुद्धा त्यात धरायचा.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराच्या मध्यभागाखालची माती बऱ्यापैकी एकसारखी ओलसर राहते, कडेची मात्र दरवर्षी वर-खाली होते. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात त्या यामुळेच. दोष प्लास्टरचा नसतो. जेसीबी बोलावून घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांजवळ ८ ते १० फूट खोल खड्डे घ्या. ते कॉलमच्या रेषेबाहेर असू द्या, कारण एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. काळी माती किती फुटांवर संपली, त्याखाली पिवळसर चुनखडीची माती आहे का, मुरूम कुठे लागला, हे दोन्ही खड्ड्यांत टेपने मोजून लिहून ठेवा. कडेला उभे राहा, एवढ्या खोल खड्ड्यात उतरू नका. काळी माती सांगून ढासळत नाही. मातीचा नमुना तपासून घेता आला तर उत्तम. फुगण्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर पाया नेहमीसारखा टाकायचा नाही.

मुरूम ५-६ फुटांवर असेल तर प्रश्न सोपा. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया, मुरमातच बसवायची, 'चार फूट झाले, बास' असं गवंडी म्हणाला तरी. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत पायाभरणीत किंवा जोत्यात भरायची नाही, सगळी बाहेर काढायची आणि मुरूम भरायचा. प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणाऱ्या काँक्रीटच्या तुळईच्या) खाली दोन-तीन इंच पोकळी ठेवायला इंजिनिअरला सांगा, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. मुरूम १० फुटांतही लागला नाही तर खोल फुटिंगच्या खर्चात अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचार होऊ शकतो. यात पाइलच्या खालच्या अंगाला खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा असतो आणि खोल काळ्या मातीत लांबी किमान साडेतीन मीटर धरतात. हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. शेजाऱ्याच्या घराला काय केलं होतं यावर तो सोडू नका. त्याच्याकडे मुरूम ४ फुटांवर आणि तुमच्याकडे ९ वर, असं सर्रास निघतं.

लेव्हलकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. या पावसाळ्यात एका मोठ्या पावसानंतर प्लॉटवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं ते बघा. मग लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन (नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही) रस्त्याचा माथा, गटाराचा तळ आणि प्लॉटची जमीन यांची उंची एकाच पक्क्या खुणेपासून काढा. मागच्या संडास-बाथरूमपासून पुढच्या गटारापर्यंत तुमच्याकडे सुमारे ६० फूट पाइप जाईल. ६० फुटांना एक फूट उतार हवा. मागचा पहिला चेंबर जमिनीखाली एक फूट धरला, तर गटाराचा तळ मागच्या जमिनीपेक्षा किमान दोन फूट खाली पाहिजे. तो एकच फूट खाली असेल तर मागची जमीन आणि तिच्याबरोबर जोतं, दोन्ही फूटभर उचलावं लागेल. घर २८ बाय ४५ चं धरलं तर जोत्यातला हा एक फूट म्हणजे १२६० घनफूट, १२.६ ब्रास. ठोकून मुरूम बसतो, त्यामुळे १६ ब्रास मागवावा लागतो. हा खर्च आत्ता अंदाजपत्रकात धरा. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो, म्हणून जोतं रस्त्यापासून किमान दोन फूट वर ठेवा, असं माझं मत आहे. भराव एकदम नको. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस.

सेप्टिक टँक असेल तर शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या बोअर किंवा विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे ५९ फूट लांब हवा. तुमच्या प्लॉटवर बोअर आणि शोषखड्डा यांतला एक पुढे आणि एक मागे ठेवला तरच ते जमतं. शेजाऱ्याचा बोअर कुठे आहे तेही नकाशावर मांडा.

मंजुरीचा नकाशा म्हणजे कामाचा नकाशा नव्हे. खोदाई सुरू होण्याआधी सेंटरलाइन, फुटिंग, कॉलम, प्लिंथ बीम आणि स्लॅबची ड्रॉइंगं हातात हवीत. वरच्या मजल्याचं आणि गच्चीवरच्या टाकीचं ओझं इंजिनिअरला आत्ताच सांगा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची जागा तुमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा कॉलमच्या रिंगचे (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांचे) हूक १३५ अंशांत आत वळवायचे, ९० अंशांत नाही, हे ड्रॉइंगवर आणि करारातही लिहून घ्या. फिटरला ते वळवायला जास्त वेळ लागतो, म्हणून टाळाटाळ होते.

पाण्यासाठी जमिनीखालचा हौद आधी बांधून घ्या, घराच्या फुटिंगपासून लांब. बांधकामाला तोच उपयोगी पडतो. बोअरचं पाणी तपासून घ्या. पीएच ६ च्या खाली नको आणि आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. पाणी खारट असेल तर सळई आतून गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडायला लागतात.

ठेकेदाराशी लेबर रेट ठरवताना नुसता चौरस फुटाचा आकडा ऐकून होकार देऊ नका. जिना, पॅरापेट, हौद, सेप्टिक टँक, कंपाउंड हे त्या दरात आहे की वेगळं? पाया ठरल्यापेक्षा खोल गेला तर जादा फुटाला किती? भांडणं नेमकी इथेच होतात. बँक टप्पा पूर्ण झाल्यावर पैसे सोडते आणि मजूर आठवड्याला मागतात, म्हणून मधल्या दीड-दोन महिन्यांची मजुरी हाताशी ठेवा.

सिमेंट स्वस्त मिळतंय म्हणून आत्ता भरून ठेवू नका. तीन महिन्यांत वापरलं पाहिजे, आणि ठेवायचं झालं तर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको. खडी आणि क्रश सँड घेताना गाडीचा हौदा आतून मोजा. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ८० घनफूट, पाऊण ब्रासच्या किंचित वर; बिल मात्र बऱ्याचदा एक ब्रासचं येतं.