चोक सोडला की गाडी बंद: कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडण्याआधी

आधी मेन जेट (कार्बोरेटरमधला, बारीक छिद्रातून पेट्रोल मोजून सोडणारा पितळी स्क्रू) मेकॅनिकने बदलण्याआधीचा, पहिलाच परत बसवा. का, ते पुढे येईल.

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला कामाचं वाटलं ते एवढं: चार स्ट्रोक, एक सिलिंडर, वय वीसच्या पुढे. गाडी आठ महिने झाकून ठेवलेली. आता चोक ओढला की दुसऱ्या किकला सुरू होते, चोक सोडला की मरते. हळू चालवताना गचके देते, पण एकदा वेग पकडला की तक्रार नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला. प्लग काळा निघाला, तरी ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणत मोठा मेन जेट टाकला. गचके तसेच राहिले, वर गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली.

यात एक गोष्ट पटकन जुळत नाही. काळा कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. चोकशिवाय न चालणं म्हणजे पेट्रोल कमी. दोन्ही एकाच गाडीत कसं? तुम्हीच लिहिलंय की सध्या अर्धा चोक ओढूनच फिरवताय. ती काजळी चोकची आहे, आणि आता वर मोठ्या जेटची. हा प्लग बघून निदान करणं म्हणजे आजाऱ्याला गरम चहा पाजून लगेच ताप मोजण्यासारखं आहे. प्लगला सध्या बाजूला ठेवा.

त्याऐवजी रेसच्या मुठीला विचारा. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा, पेनाने खुणा करा: बंद, १/८, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. मग चालवा आणि गचका नेमका कुठल्या खुणेवर येतो ते बघा. वेग किती, गिअर कुठला, हे गौण आहे. कार्बोरेटरमध्ये एकच वाट नसते. मूठ बंद असल्यापासून साधारण १/८ पर्यंत पायलट जेट (कमी रेसचा छोटा जेट) आणि त्याचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू पेट्रोल पुरवतो. १/८ ते पाव एवढ्या पट्ट्यात स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणाऱ्या दट्ट्याच्या) तळाला कापलेली तिरकी खाच हिशेब ठरवते. पाव ते पाऊण निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई, आणि ती ज्यात खालीवर होते तो निडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमा काटेकोर नसतात, एकाचं काम दुसऱ्यात मिसळतं, पण रोग शोधायला एवढा नकाशा पुरतो.

आता तुमचा रोग या नकाशावर ठेवा. बिघाड सगळा खालच्या पट्ट्यात, वर गाडी उत्तम. म्हणजे मेन जेट निर्दोष होता. कमी रेसवर निडल आणि निडल जेट यांच्यामधली फटच इतकी अरुंद असते की मेन जेट कितीही मोठा केला तरी तिथून जास्त पेट्रोल वर येत नाही. मोठ्या जेटने तुमचं खालचं दुखणं तसंच ठेवलं आणि वरचं चांगलं चाललेलं बिघडवलं.

माझा अंदाज पायलटच्या वाटेवर आहे. आठ महिन्यांत फ्लोट बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळसर, चिकट थर उरतो. पायलट जेटचं छिद्र बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे पहिला बळी त्याचाच. दुसरा संशयित म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधून शिरणारी जादा हवा. दोघांची लक्षणं सख्ख्या भावांसारखी सारखी, म्हणून आधी त्या दुसऱ्याला तपासू, कारण त्यासाठी कार्बोरेटर खोलावा लागत नाही.

गाडी चोकवर सुरू करून थोडी गरम करा. साध्या फवारणीच्या बाटलीत पाणी घ्या आणि इनटेकच्या रबरावर (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीवर), त्याच्या दोन्ही टोकांच्या जोडांवर बारीक फवारा मारा. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, त्यावर मारू नका. इंजिनचा आवाज बदलला, अडखळला, तर तिथून हवा आत जातेय. काही जण हेच काम कार्ब क्लीनरने करतात. गरम इंजिनवर पेटणारा फवारा मला पटत नाही. रबर काढून हाताने वाकवूनही बघा, कारण जुन्या रबराच्या भेगा सरळ धरल्यावर मिटतात आणि वाकवल्यावर तोंड उघडतात. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता वरच तरंगत राहत असेल, तर हवा शिरत असल्याचा संशय आणखी पक्का. तेवढ्यात हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून घ्या. वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल ताणलेली आहे. तो दोष कार्बोरेटरचा नव्हे.

पेट्रोल बाऊलपर्यंत नीट येतंय का, हेही आत्ताच बघून टाका. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा, खाली काचेची बरणी धरा, टाकीखालचा कॉक उघडा. धार अर्धा मिनिट तरी एकसारखी पडली पाहिजे. (इंजिनच्या ओढीवर उघडणारा कॉक असेल तर नुसता उघडून धार येणार नाही, त्याच्या नळीला ओढ द्यावी लागते.) बरणी मिनिटभर स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे गोळे दिसतील. धार जोरात सुरू होऊन हळूहळू थेंबांवर आली तर टाकीचं झाकण उघडून परत बघा.

या झाकणाने मला दोन महिने फिरवलंय. माझी गाडी आठ-दहा किलोमीटर झाले की दम तोडायची. मी उतरून पेट्रोल संपलं का बघायला झाकण उघडायचो, पेट्रोल असायचं, झाकण लावायचो, किक मारायचो, गाडी सुरू. त्या दोन महिन्यांत मी कार्बोरेटर चार वेळा खोलला, निडल बदलली, फ्लोट वाकवला. झाकणातलं हवेचं छिद्र गंजाने बुजलंय आणि मी ते उघडतो म्हणूनच गाडी सुरू होतेय, हे डोक्यात यायला एवढा वेळ लागला. तुमच्या गाडीचं लक्षण वेगळं आहे, पण तपासायला पैसा पडत नाही म्हणून सांगितलं.

टॅपेटचं अंतरही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली फट) थंड इंजिनवर फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्र्यांनी, मोजा. अंतर कमी झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि मग गाडी आयडलिंगला (रेस न देता चालू राहताना) टिकत नाही. लोक तेही कार्बोरेटरच्या नावावर खपवतात. प्लग नवा टाका.

एवढं करूनही तसंच असेल तर आता कार्बोरेटर काढा. मोकळ्या हवेत, आसपास ज्योत, हिटर, सिगारेट काही नको, डोळ्यांना चष्मा हवाच. क्लीनरचा फवारा एका छिद्रातून आत जाऊन भलत्याच छिद्रातून थेट डोळ्यात येतो. जपानी कार्बोरेटरचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण त्यांची खाच वेगळी असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जेट पितळी असतात, त्यांना खाचेच्या पूर्ण रुंदीला भरणारंच पातं लागतं. एकदा खाच चुरगळली की पुढचा अर्धा दिवस तिथेच.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत न्या आणि किती आटे बसले ते मोजून लिहून ठेवा. आत टेकला की थांबा. जोर केलात तर त्याचं टोक चेपेल किंवा त्याची बैठक कायमची रुंदावेल. स्क्रूबरोबर बारीक स्प्रिंग, आणि बऱ्याच कार्बोरेटरमध्ये त्याखाली इवलासा वॉशर आणि ओ-रिंग असते. ती ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग वरून क्लीनर मारला की ती फुगते, आणि साफ केलेला कार्बोरेटर आधीपेक्षा वाईट चालतो. ‘दोनदा साफ केला’ या वाक्यावर माझा विश्वास का बसत नाही, ते यावरून कळेल. बाऊल पुसणं आणि जेटवर फवारा मारणं याला बरेच जण सफाई म्हणतात.

पायलट जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा. छिद्र स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर ते अजून बुजलेलं आहे. सुई किंवा ड्रिल घालू नका, पितळ मऊ असतं आणि छिद्र केसभर वाढलं तरी जेट कामातून गेला. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा, मग वायरमधला तांब्याचा एकच बारीक तार किंवा नायलॉनचा धागा घाला, शेवटी दाबाची हवा. मात्र नुसता जेट साफ करून भागत नाही, त्याच्या पुढची वाटही उघडी हवी. मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून फवारा मारा आणि कार्बोरेटरच्या नळीत डोकावा. स्लाइडच्या कडेपाशी एखाद-दोन टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, प्रत्येकातून धार आली पाहिजे. मूठ जरा उघडली की सगळ्यात आधी या छिद्रांची गरज लागते. आयडलिंग जमतं पण हलकी रेस दिली की गचका बसतो, अशा गाड्यांत बहुधा हीच बंद असतात. फिल्टरच्या बाजूने पायलटला हवा पुरवणारं छिद्रही विसरू नका. ते बुजलं तर उलट रोग होतो, पेट्रोल वाढतं.

बाऊल उघडलाच आहे तर फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, बघून घ्या. पितळी असेल तर कानाशी हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय. कुठे, ते गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे सांगतील. फ्लोट निडलच्या (फ्लोटने ढकलली की बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या छोट्या सुईच्या) रबरी टोकावर गोल खळगा पडला असेल तर ती बदला. फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर तिरका धरा, फ्लोटची पट्टी निडलच्या छोट्या पिनला नुसती टेकलेली हवी, पिनची स्प्रिंग दबता कामा नये. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा चालत नाही.

चोकचा प्लंजर (चोकची वाट बंद करणारा दट्ट्या) पूर्ण खाली बसतो का बघा. त्याच्या तळाचं रबर कडक झालं की चोक सोडल्यावरही तो थोडा चालूच राहतो. तुमच्या बाबतीत हे कारण नसावं, कारण तुमची गाडी चोक सोडला की मरते.

जोडताना एक चूक फार जण करतात: स्लाइड उलटी. तिची तिरकी खाच फिल्टरच्या बाजूला यायला हवी. आणि जोडाचे बोल्ट आवळताना हात आवरा. जुन्या अॅमल या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरचा फ्लँज (जोडाची चपटी कड) याच हौसेपायी वाकायचा आणि मग मधून हवा शिरायची. सपाट काचेवर ठेवला की डुगडुगणारे कितीतरी सापडतील.

तुमचा कार्बोरेटर डायफ्रामचा (स्लाइड केबलने नव्हे, रबरी पडद्याने उचलली जाणारा) असला तर वरचं बहुतेक तसंच लागू आहे, फक्त एक परीक्षा जास्तीची. स्लाइड बोटाने वर उचला, डायफ्रामखालच्या हवेच्या वाटेवर बोट दाबून ठेवा आणि स्लाइड सोडा. सावकाश खाली आली तर डायफ्राम शाबूत, धपकन पडली तर फाटलाय. त्या रबरावर क्लीनर चुकूनही नको.

आता ट्यूनिंग. हे थंड इंजिनवर करू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून या. त्याआधी स्क्रू कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत नेला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे उलटसुलट झालं की माणूस दिवसभर स्वतःशीच भांडत बसतो. दीड आट्यापासून सुरुवात करा. पाव-पाव आटा फिरवा, प्रत्येक वेळी इंजिनला आठ-दहा सेकंद द्या, जिथे ते सगळ्यात वेगात आणि एकसारखं फिरतं तिथे थांबा. मग आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आणा. छोट्या एका सिलिंडरच्या गाड्यांना १,२०० ते १,४०० फेरे साधारण मानवतात. मिक्श्चर स्क्रू फिरवून काहीच फरक पडला नाही तर पायलटची वाट अजून बंद आहे, किंवा आयडलिंगचा स्क्रू इतका वर चढवलाय की इंजिन निडलवरच चाललंय.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. निडलच्या क्लिपला आत्ता हात लावू नका. पाव ते पाऊण या पट्ट्यात तुमची तक्रारच नाही.

सगळं झालं की नवा प्लग घालून, चोक न ओढता, निदान वीस किलोमीटर चालवा आणि मग प्लग काढून बघा. फिकट तपकिरी आला तर ठीक. दोन आकडे मात्र इथे लिहा: स्क्रू शेवटी किती आट्यांवर स्थिरावला, आणि तो कुठल्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू जवळपास पूर्ण आत नेल्याशिवाय, किंवा पेट्रोलचा तीन आट्यांपलीकडे काढल्याशिवाय गाडी टिकत नसेल, तर पायलट अजून अर्धवट बुजलेला आहे किंवा एक नंबर मोठा लागणार आहे. त्यातलं कुठलं, ते त्या आकड्यांनंतर बोलू.