इंडक्शन भट्टीला डार्ट चालेल का? स्लॅग नेमका कुठे अडवायचा

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीत ५०० किलोची इंडक्शन भट्टी, आतून सिलिका लायनिंग (अस्तर), माल ग्रे आयर्नचा (साध्या ओतीव लोखंडाचा), बहुतेक विहिरीवरच्या पंपांची केसिंग. मशिनिंगला लावलं की वरच्या अंगाला स्लॅगचे (धातूवर तरंगणाऱ्या मळीचे) खड्डे उघडे पडतात. स्टील प्लांटमध्ये टॅपिंगच्या (भट्टीतून धातू काढायच्या) वेळी स्लॅग अडवायला डार्ट सोडतात, तसं आपल्याकडे काही बसवता येईल का?

नाही भाऊ, बसणार नाही. डार्ट हा टॅप होलचा, म्हणजे धातू काढायच्या भोकाचा, इलाज आहे आणि तुमच्या भट्टीला होलच नाही. कन्व्हर्टरमध्ये (पोलाद बनवायच्या मोठ्या भांड्यात) धातू होलातून खालून निघतो, स्लॅग वर तरंगत राहतो. शेवटी पातळी उतरली की होलावर भोवरा पडतो आणि तो स्लॅगला खाली ओढतो. डार्टचं डोकं रिफ्रॅक्टरीचं (उष्णता सोसणाऱ्या मातीचं), स्लॅगपेक्षा जड आणि पोलादापेक्षा हलकं, म्हणून ते बरोबर दोघांच्या सांध्यावर तरंगतं. खालची दांडी होलात शिरलेली असते, त्यामुळे ते जागेवरून हलत नाही आणि धातू संपत आला की होल बुजवतं. दांडी नसलेला नुसता गोळा टाकला तर तो घट्ट स्लॅगमध्ये अडकून भलतीकडेच तरंगत बसतो. आर्क भट्टीवाले तळातून टॅपिंग करतात आणि थोडा धातू मुद्दाम आत ठेवतात, म्हणजे भोवरा पडायची वेळच येत नाही. त्यांची धास्तीही वेगळी असते: स्लॅगमधला फॉस्फरस परत पोलादात जाणं आणि लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) टाकलेलं ॲल्युमिनियम जळून जाणं.

तुमची भट्टी तोंडावाटे ओतते. म्हणजे गणित उलटं: वरचा स्लॅग सगळ्यात आधी बाहेर येतो. म्हणून अडवायचं ते भट्टीत आणि लॅडलमध्ये.

त्याआधी खड्डा नीट बघा, कारण वरच्या अंगाचा प्रत्येक खड्डा स्लॅगचा नसतो. वाळूचा असेल तर टोचणीने कण सुटे निघतात. स्लॅगचा असेल तर आत काचेसारखा काळपट-हिरवट तुकडा दिसतो. आणि कातडीखाली गोल, गुळगुळीत भोकं असून त्यांच्यात थोडा स्लॅग असेल, तर मॅंगनीज आणि सल्फर दोन्ही वाढलेत आणि धातू थंड ओतला जातोय. मॅंगनीजचा स्लॅग कार्बनशी भिडून गॅस सोडतो, त्याची ती भोकं. अशा वेळी कितीही स्लॅग काढा, रिजेक्शन थांबणार नाही. मॅंगनीज हे सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के एवढ्यावर आणा आणि ओतायचं तापमान वाढवा.

आता भट्टी. निम्मा स्लॅग आपणच भरतो: वाळू चिकटलेले रनर-रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटांचे कापून काढलेले तुकडे) आणि गंजकं भंगार. गंज सिलिका लायनिंगशी मिळून पातळ स्लॅग करतो, लायनिंग जातं ते वेगळंच. हे परत वापरायचे तुकडे (रिटर्न) छर्रे मारून साफ (शॉट ब्लास्ट) करूनच भट्टीत भरा (चार्ज करा).

१४८० ते १५०० अंशांवर पॉवर बंद करा. पॉवर चालू असताना धातू आतून ढवळत राहतो आणि स्लॅग वर ठरत नाही. मग पर्लाइटचं (एका ज्वालामुखी खडकाचं) स्लॅग कोॲग्युलंट, म्हणजे स्लॅग गोळा करणारी पूड, सगळ्या पृष्ठभागावर पसरा. टनाला साधारण १ किलो, म्हणजे तुमच्या हीटला (एका वेळच्या वितळीला) अर्धा किलो, दोन हप्त्यांत. एक-दोन मिनिटांत त्याचा चिकट पापुद्रा जमतो, तो रॉडला गुंडाळून उचला. चुना किंवा फ्लोरस्पारवाला फ्लक्स (स्लॅग पातळ करणारी पूड) कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, सिलिका लायनिंग खाऊन टाकतो. रॉड आधी तापवलेला हवा. पावसाळ्यात कोपऱ्यात टेकवलेला ओला रॉड धातूत बुडवला तर धातू उडतो, माणूस भाजतो. कोॲग्युलंटची गोणीही तशीच, तोंड बांधून कोरड्या जागी. आणि लक्षात ठेवा, एका हीटचे चार लॅडल भरत असाल तर दर वेळी नवा स्लॅग धरलेला असतो. एकदा काढून भागत नाही.

खरा फरक पडतो तो टीपॉट लॅडलने, म्हणजे चहाच्या किटलीसारखी नळी असलेल्या लॅडलने. तुमच्याकडे साधं उघड्या तोंडाचं लॅडल असणार आणि पोअररशेजारी (ओतणाऱ्याशेजारी) स्लॅग अडवायला रॉड धरून एक माणूस उभा असणार. तो धातू बघेल की साचा? टीपॉटमध्ये मधली भिंत जवळजवळ तळापर्यंत उतरलेली असते. धातू भिंतीखालून नळीत चढतो, स्लॅग मागच्या बाजूला राहतो. बिघडतं ते पुढील ठिकाणी.

नळी गार असेल तर पहिलाच धातू तिच्यात गोठतो. लॅडल आतून लाल, ८०० अंशांच्या आसपास, तापवा आणि बर्नरची ज्योत नळीच्या तोंडातूनही फिरवा. लोक पोट तापवतात आणि नळी विसरतात.

भिंतीची खालची कड झिजली किंवा सांध्यात फट पडली की स्लॅग सरळ नळीत येतो, आणि बाहेरून लॅडल एकदम ठीक दिसतं. रोज सकाळी वाकवलेली तार खालून घालून कड चाचपा.

शेवटच्या थेंबापर्यंत ओतू नका. भिंतीची कड धातूत बुडलेली असेपर्यंतच तिचा उपयोग. उरलेले ८-१० किलो पिगमध्ये (उरलेला धातू ओतायच्या साच्यात) टाका. त्या उरलेल्यावरच नवा धातू घेऊन पुढची पेटी (वाळूचा साचा) भरणं हा तर स्लॅग हाताने कालवण्याचा प्रकार.

इनॉक्युलंट (लोखंडाची घडण सुधारणारी सिलिकॉनयुक्त भर) टॅपिंगच्या धारेत टाका, ०.२ ते ०.३ टक्के, आणि स्लॅग त्यानंतर काढा. आधी स्लॅग काढून वरून इनॉक्युलंट भुरभुरलं तर न विरघळलेले दाणे साच्यात जातात आणि मशीनवर ते स्लॅगच वाटतात. वरून भाताच्या तुसाची राख टाकली तर उष्णता टिकते, फक्त ती कोरडी हवी.

फिल्टर शेवटी. सिलिकॉन कार्बाइडचा फोम फिल्टर, १० पीपीआय (इंचाला दहा छिद्रं), ग्रे आयर्नला दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो धरतात, एसजीला (गोल ग्राफाइटच्या लोखंडाला) २. म्हणजे ५० बाय ५० मिलिमीटरचा फिल्टर ग्रेला १०० किलो. हिशेब ७०-८० किलोंचाच करा. फिल्टरचं क्षेत्रफळ चोकच्या, म्हणजे धातूच्या वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेच्या, चार ते सहा पट ठेवा, नाहीतर साचा भरायच्या आत धार मंदावते. स्लॅगने भरलेला धातू फिल्टरवर ओतला तर तो फिल्टर निम्म्यातच तुंबतो, म्हणून वरचं सगळं न करता नुसता फिल्टर बसवणं म्हणजे पैसे घालवणं. आणि फिल्टरवाले रनर परत चार्ज केले की तोच फिल्टर पुढच्या हीटचा स्लॅग, हेही धरून चाला.

सुरुवात करताना पेट्यांवर लॅडलचा क्रमांक आणि पेटीचा क्रमांक खडूने लिहा, कास्टिंगलाही तोच लावा. खड्डे दर लॅडलच्या पहिल्या पेटीत जास्त असतील तर नळी थंड आहे किंवा लॅडलवरचा स्लॅग नीट निघत नाही. शेवटच्या पेट्यांत असतील तर लॅडल जास्त रिकामं होतंय किंवा धातू थंडावतोय. सगळ्यांत सारखे असतील तर लॅडलला दोष देऊ नका, गेटिंग (साच्यात धातू जायच्या वाटा) आणि वाळू तपासा.