ओएसपीएफमध्ये (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये) शेजारी राउटर दिसतो, पण जोडणी 'एक्सस्टार्ट' या सुरुवातीच्या टप्प्यावरच अडकते. असं का?

बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोन इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, वेगळा असतो. तो सारखा करा, जोडणी 'फुल' या शेवटच्या टप्प्यापर्यंत जाईल. शेजारी शोधणाऱ्या हॅलो पॅकेटमध्ये एमटीयू नसतो, म्हणून राउटर एकमेकांना लगेच ओळखतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. तो आकडा पहिल्यांदा येतो डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या माहितीची यादी सांगणाऱ्या पॅकेटमध्ये. समोरच्याचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट नाकारायचं, असं ओएसपीएफच्या १९९८ च्या मानक दस्तऐवजात, आरएफसी २३२८ मध्येच लिहिलेलं आहे. एका टोकाला १५०० आणि दुसऱ्या टोकाला जंबो (नेहमीपेक्षा मोठ्या) फ्रेमसाठी ९००० बाइट ठेवलं की हमखास हेच होतं. सिस्कोच्या राउटरवर 'एमटीयू-इग्नोर' अशी सोय आहे, पण कृपया तिच्यावर विसंबू नका. तपासणी टळते, फरक तसाच राहतो, आणि पुढे रूट वाढून अपडेटची पॅकेटं मोठी झाली की ती वाटेतच गळतात. तेव्हा दोष शोधणं फार अवघड जातं. एमटीयू आधीच सारखा असेल, तर मात्र मधली अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणती पॅकेटं जाऊ द्यायची याचे नियम) पाहा: इथरनेटवर हॅलो मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना) जातात, डेटाबेस डिस्क्रिप्शनची पॅकेटं युनिकास्टने (थेट एकालाच), आणि नेमकं युनिकास्टच अडवलेलं असू शकतं.