वाचकांचे प्रश्न : इंकांची नगरे आणि अँडीजमधली गावे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या छोट्या, मार्गदर्शकासह केलेल्या सहलीविषयी आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश येईपर्यंत तिथल्या अँडीज पर्वतात इंकांचे राज्य होते. त्यांतली पाच निवडली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. पेरूत प्रत्यक्ष आठ रात्री मिळतील. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात लीमाहून विमानाने कुस्को आणि त्याच दिवशी शहरदर्शन, दुसऱ्या दिवशी सप्तरंगी डोंगर, तिसऱ्या दिवशी माचू पिच्चू, मग तितिकाका सरोवर आणि परत असा क्रम आहे. खेड्यातली भेट अर्ध्या दिवसाची आहे. यजमानांना उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे. हा कार्यक्रम कसा वाटतो? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : हा कार्यक्रम आहे तसा स्वीकारू नये, असे मी स्पष्टच सांगेन. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच वसलेले आहे. लीमा समुद्रकाठी असल्यामुळे विमान आपल्याला सव्वा तासात तेवढ्या उंचीवर नेऊन सोडते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. त्यात दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या वर असलेल्या विनिकुंकाला, म्हणजे त्या सप्तरंगी डोंगरावर जाणे हे तरुण माणसालाही जड जाते, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने तर तो विचार सोडूनच द्यावा.

माचू पिच्चू हे इंकांचे डोंगरावरचे नगर २,४३० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यातूनच सहलीचा खरा क्रम मिळतो. कुस्कोच्या विमानतळावर उतरताच गाडीने उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, ओयान्तायताम्बो गावी जावे (सुमारे २,८०० मीटर) आणि तिथे दोन रात्री काढाव्यात. तिथून आगगाडीने माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावी जाऊन एक रात्र राहावे. त्यानंतर दोन रात्री डोंगरातल्या एखाद्या गावात, आणि शरीर रुळल्यावर शेवटच्या दोन रात्री कुस्कोत. जाताना किंवा येताना लीमात एक रात्र धरली की आठ पुऱ्या होतात. तितिकाका सरोवर ३,८०० मीटरच्या वर आहे आणि कुस्कोहून तिथे पोहोचण्यात जवळजवळ एक पूर्ण दिवस जातो, म्हणून या खेपेला ते वगळावे. गावाला दोन रात्री द्याव्यात, हा माझा आग्रह आहे. त्याची कारणे खालच्या उत्तरांत आहेत.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि किती उंचीवर किती दिवस राहणार आहात ते कागदावर लिहून न्यावे. उंचीच्या त्रासावर असेटाझोलामाइड हे औषध दिले जाते, पण ते लघवीचे प्रमाण वाढवते आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर जपून द्यावे लागते, म्हणून ते कोणा सहप्रवाशाने दिले म्हणून घेऊ नये. पहिले दोन दिवस हलके जेवावे, सावकाश चालावे, मद्य टाळावे. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे सामान्य आहे. परंतु बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम आहे. जून-जुलैत रात्री गोठवणारी थंडी असते, आणि २४ जूनच्या इंती रायमी या सूर्योत्सवाच्या सुमारास कुस्कोत फार गर्दी होते, त्यामुळे आपल्याला मे किंवा सप्टेंबर सोयीचा. माचू पिच्चूच्या तिकिटावर पारपत्रावरचे नाव, वेळ आणि आतला मार्ग ठरलेला असतो. २०२४ पासून तिथे तीन मुख्य मार्ग आहेत. छायाचित्रांतून ओळखीचे झालेले दृश्य आणि वास्तूंमधून फिरणे या दोन्ही गोष्टी दुसऱ्या मार्गात मिळतात, म्हणून कंपनीने कोणत्या मार्गाचे तिकीट काढले आहे ते लेखी विचारावे.

प्रश्न : आमचा गट गेली अनेक वर्षे हरिहर, साल्हेर, अंकाई-टंकाई असे किल्ले फिरतो. दगडी बांधकाम आम्हाला नवे नाही. मग इंकांच्या अवशेषांत नेमके काय पाहावे? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : किल्ले पाहणाऱ्या नजरेला तिथे जास्तच दिसेल. इंकांकडे लोखंडाची हत्यारे नव्हती, ओझे वाहायला चाकाची गाडी नव्हती आणि दगड बसवताना ते सांध्यात चुना भरत नसत. कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून प्रत्येक दगडाची कड शेजारच्या दगडाच्या कडेला जुळवलेली आहे. कुस्कोच्या हातुन रुमियोक गल्लीत एका दगडाला बारा कोन आहेत आणि बाराही ठिकाणी शेजारचा दगड घट्ट बसलेला आहे. सगळे मार्गदर्शक तो दाखवतातच. पण तिथून दोन पावले मागे सरून संपूर्ण भिंत पाहावी, म्हणजे ती किंचित आतल्या बाजूला कललेली आहे हे लक्षात येते. दारे आणि कोनाडेही वर अरुंद, खाली रुंद असे आहेत. भूकंपाच्या प्रदेशात हे सगळे उपयोगी पडते. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला; १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली आणि खालच्या इंकाकालीन भिंती उभ्या राहिल्या. कुस्कोच्या वर साक्सायवामानच्या नागमोडी तटात सर्वांत मोठ्या दगडाचे वजन शंभर टनांहून अधिक असावे असा अंदाज आहे. तिथले लहान दगड स्पॅनिशांनी शहरातल्या इमारतींसाठी काढून नेले. मोठे हलवता आले नाहीत, म्हणून ते राहिले.

माझ्या मते आपल्या गटाने सर्वाधिक वेळ ओयान्तायताम्बोला द्यावा. १५३६-३७ च्या सुमारास मांको इंका या राजाने याच ठिकाणी स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या सैन्याला माघार घ्यायला लावली, त्यामुळे लढाऊ स्थळ म्हणूनही ते पाहता येते. वरच्या बाजूला गुलाबी दगडाच्या सहा उभ्या शिळा एका रांगेत आहेत. त्या नदीपलीकडच्या डोंगरावरच्या खाणीतून आणल्या, म्हणजे एका डोंगरावरून उतरवून, नदी पार करून, दुसऱ्यावर चढवल्या. वाटेत तसेच काही दगड अजून पडलेले आहेत आणि लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. मंदिर अपुरे राहिल्यामुळेच काम कसे चालले असेल हे तिथे कळते. खाली उतरून गावात आलात की गल्ल्यांच्या कडेने दगडी चरांतून पाणी वाहताना दिसते. हे गाव इंकांच्या आखणीवरच वसलेले आहे, आणि त्यांनी बांधलेल्या वाड्यांत आजही कुटुंबे नांदत आहेत.

माचू पिच्चूला मात्र भिंतींपेक्षा पायऱ्यापायऱ्यांची शेते नीट पाहावीत. पंधराव्या शतकाच्या मध्यास, पाचाकुती या राजाच्या काळात ते उभे राहिले. १९११ मध्ये अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम तिथे पोहोचला तेव्हा आसपास शेतकरी कुटुंबे राहत होती, आणि तीही ही शेते कसत होती. प्रत्येक पायरीच्या पोटात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि वर माती असे थर आहेत, म्हणून धो धो पावसातही पाणी मुरून वाहून जाते आणि डोंगर खचत नाही. सह्याद्रीत दरडी कोसळताना पाहणाऱ्यांना या थरांचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आम्ही येवल्याचे, घरात पैठणी विणली जाते. सहलीत एका विणकर गावी मुक्काम आहे. ते खरे गाव असते की पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा? आणि आपण त्यांच्या गरिबीकडे पाहायला जातो असे होत नाही ना? (वाचक, येवला)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपली आभारी आहे. देखावाही असतो. बसमधून उतरलेल्या पन्नास माणसांसमोर वीस मिनिटे रंगाची गंमत करून दाखवायची आणि मग दुकानात न्यायचे, असे प्रकार कुस्कोजवळच्या चिन्चेरो गावाच्या आसपास पुष्कळ चालतात. म्हणून कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात : मुक्काम कोणाच्या घरी आहे, पैसे त्या घराला मिळतात की समूहाला आणि किती, आणि पाहुण्यांची पाळी सगळ्या घरांना येते का. उत्तर मोघम आले तर दुसरी कंपनी पाहावी. ओयान्तायताम्बोच्या वरच्या अंगाला पाताकांचा आणि वियोक ही क्वेचुआ, म्हणजे इंकांची भाषा, बोलणाऱ्यांची गावे आहेत. तिथे विणकाम हे रोजचे काम आहे आणि अंगावरचे कपडेही घरीच विणलेले असतात.

आपल्या घरात मागापाशी बसणाऱ्यांना तिथे पाहण्यासारखे खूप आहे. पैठणीच्या पदरावर नक्षी आडव्या धाग्याने येते, तर तिथे ती उभ्या धाग्याने येते : दोन रंगांचे ताणे एकावर एक लावलेले असतात आणि विणणारी बाई प्रत्येक ओळीला हवे ते धागे बोटांनी वर उचलते. मागाचे एक टोक खुंटाला आणि दुसरे तिच्या कमरेला पट्ट्याने बांधलेले असते, त्यामुळे ताण कमी-जास्त करायचा तर ती नुसती पुढे-मागे झुकते. आडवा धागा बसवायला लामाच्या हाडाचे टोकदार साधन असते, आणि समोर नक्षीचा कोणताही कागद नसतो. लोकर एका मुळाच्या किसाच्या फेसात धुतात. तांबडा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून काढतात. वाळलेला किडा तळहातावर चिरडला की गडद लाल उमटतो आणि त्यात लिंबाचा रस पिळला की तोच रंग नारिंगीकडे झुकतो. चिन्चेरोच्याच निल्दा कायान्याउपा यांनी ही विद्या मागे पडू नये म्हणून १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र सुरू केले. शेवटच्या दोन दिवसांत तिथे अवश्य जावे. पिसाकच्या बाजारातला बराचसा माल यंत्रावरचा असतो, हे आपल्या बोटांना लगेच कळेल. हाताने विणलेल्या वस्त्राच्या किमतीत घासाघीस करू नये. एका वस्त्रामागे किती आठवडे जातात ते आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार?

गरिबीविषयी आपण जे विचारले त्याला माझे उत्तर असे, की माणसांकडे कामातून पाहावे. तिथे आयनी नावाची रीत आहे, आपल्या सावडीसारखी : आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. आपूरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवताचा झुलता पूल याच रीतीवर टिकून आहे. दर जूनमध्ये चार गावे जमतात, बायका डोंगरी गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचे जाड दोर करतात, जुना पूल कापून नदीत सोडला जातो आणि काही दिवसांत नवा बांधला जातो. २०१३ मध्ये युनेस्कोने ही विद्या मानवाचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. महासाथीमुळे २०२० मध्ये काम झाले नाही, मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला, आणि जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा बांधला. अवशेष पाहताना ज्या इंकांविषयी आपण ‘होते’ असे म्हणतो, त्यांची शेती, भाषा आणि हातांची विद्या या गावांत चालू आहे. ती पाहायला अर्धा दिवस पुरत नाही.

छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. मुलांना पैसे किंवा गोळ्या वाटू नयेत. आपल्या विणकामाचा एखादा नमुना सोबत न्यावा. दुभाष्या नसला तरी दोन विणकरांचे बोलणे कापडावर होते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. गावात खायला काय मिळेल? (वाचक, पंचवटी)

उत्तर : बटाट्याच्या मूळ प्रदेशात आपण जात आहात, त्यामुळे उपाशी राहणार नाही. नाना रंगांचे बटाटे, मोठ्या दाण्यांचा उकडलेला मका आणि त्यासोबत पांढरे चीज, बाकल्याच्या शेंगांतले दाणे, किनोआ या तिथल्या धान्याचे सूप आणि मिरचीची वाटलेली चटणी असे जेवण असते. सूप मात्र विचारून घ्यावे, कारण भाज्या दिसल्या तरी रस्सा मांसाचा असू शकतो. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास कोंबडी वाढली जाते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे तिन्ही सांगावे. पाहुण्यासाठी गिनीपिग शिजवणे हा तिथे मोठा मान समजला जातो. तेव्हा आपले पथ्य आयत्या वेळी सांगून यजमानांना ओशाळे करण्यापेक्षा ते आरक्षणाच्या वेळीच कळवावे. कंदमुळे न खाणाऱ्या जैन वाचकांनी तर हे लेखीच द्यावे.

प्रश्न : कागदपत्रांत काय विसरू नये? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : भारतीय पारपत्रावर पेरूचा व्हिसा लागतो, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असल्यास सवलत आहे, तरी तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे खात्री करावी. भारतातून थेट विमान नसल्यामुळे वाटेतल्या देशाचे नियमही पाहावे लागतात. अमेरिकेतून जायचे तर नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो.

पीतज्वराची लस बहुतेक जण विसरतात. कुस्को आणि माचू पिच्चूसाठी तिथे ती कोणी मागत नाही, पण पेरूहून परतणाऱ्यांकडून भारत तिचे प्रमाणपत्र मागतो आणि ते नसेल तर विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस अधिकृत केंद्रातच मिळते, मुंबईत अशी केंद्रे आहेत, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते. साठीच्या पुढच्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक. पेरूत कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलात मिळतो आणि तिथे तो कायदेशीर आहे. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार कोकाचे पान बाळगणे हा गुन्हा आहे, म्हणून त्या चहाची एक पिशवीसुद्धा सामानात परत आणू नये.