इलेक्ट्रिक कारला मेंटेनन्स काहीच नसतो ना? घरच्या साध्या प्लगवर चार्ज केली तर चालते का?

"ऑइल नाही, इंजिन नाही, मग मेंटेनन्स कशाचा? लातूरला स्वतःचं घर आहे, अंगणात 15 अँपिअरचा प्लग आहे, तेवढ्यावर भागेल ना?" असं तुम्ही विचारलंय. हे पहिलं वाक्य जसंच्या तसं आमच्या घरात 2022 च्या दिवाळीत बोललं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी परभणीला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा सेलूच्या बाजूला, जाऊन-येऊन 80 किलोमीटर पडतं. पेट्रोलचा हिशेब करून करून आम्ही शेवटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात गाडीचा काहीच दोष नव्हता.

पहिल्या रात्री अंगणातल्या प्लगला चार्जर लावला, तर त्याच्या डब्यावर लाल दिवा. चार्जिंग सुरूच होईना. शोरूमच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, घराचं अर्थिंग बघून घ्या." अर्थिंग म्हणजे गळालेला करंट जमिनीत उतरवणारी वायर. थोरले दीर तिथंच बसलेले. शेतातल्या मोटारी, स्टार्टर, भावकीतल्या घरांची वायरिंग, सगळं तेच करतात. आमचं घर 1998 चं, त्याचीही वायरिंग त्यांचीच. ते म्हणाले, "अर्थिंगचं काय घेऊन बसलीस, पाच मिन्टाचं काम हाय." स्क्रू ड्रायव्हर मागितला, बोर्ड उघडला, आत काहीतरी केलं, बोर्ड बंद केला. हिरवा दिवा लागला. मी त्यांच्यासाठी चहा टाकला. आत काय केलं हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सहा-सात महिने गाडी रोज रात्री चार्ज झाली. एकदाही कुरकुर नाही.

2023 च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. अंगणातली शहाबादी फरशी ओली, मध्ये मध्ये पाणी साचलेलं. जेवणं झाल्यावर मी गाडी चार्जिंगला लावली. साडेनऊच्या सुमारास घरातली लाइट गेली. पंखे बंद, फ्रिज बंद, चार्जरचा दिवाही बंद. पावसाचे दिवस, आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. समोरच्या घरात लाइट होती, ती दिसूनसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंची (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) औषधाची पिशवी गाडीत राहिली होती. मी किल्लीनं गाडी उघडून दिली आणि त्या अनवाणीच अंगणात गेल्या. दार उघडलं, आत वाकताना आधाराला डावा हात दाराच्या खांबाला धरला. तिथं दाराचं कुलूप अडकतं ती लोखंडी कडी असते. सगळ्या गाडीवर रंग आहे, त्या कडीवर नाही. त्यांचा आवाज ऐकू आला आणि मी बाहेर आले तोवर त्या फरशीवर पडलेल्या होत्या. मी धावले तर मुलगा ओरडला, "आई, हात नको लावूस, मेन पाडतो आधी!" दहावीतलं पोरगं. त्यानं मीटरजवळचा मेन पाडला, मग आम्ही त्यांना उचललं. डाव्या हाताच्या दोन बोटांवर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे डाग पडले होते. दवाखान्यात ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. करंट हातातून पायाकडं जाताना छातीतून जातो, म्हणून काही तास लक्ष ठेवावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याबाई बऱ्या झाल्या. त्या 71 वर्षांच्या होत्या, आणि पाठीमागं फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. कडी मुठीत धरली गेली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला वायरमन आला. त्यानं मेन चालू करून घरातल्या एका प्लगच्या फेजच्या (करंट आत आणणाऱ्या वायरीच्या) भोकात टेस्टर घातला, पेटला. न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरीच्या) भोकात घातला, एरवी तिथं पेटत नाही, पण तोही पेटला. "ताई, लाइट गेलेलीच नव्हती. न्यूट्रल तुटलाय," तो म्हणाला. मीटरच्या मागं न्यूट्रलचा जुना जोड होता, वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला. गाडी रोज कितीतरी तास सलग 14 अँपिअर ओढत होती. त्या जोडाला एवढी सवय नव्हती. तो तापत तापत काळा पडून सुटला होता. मग त्यानं अंगणातला बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या खिळीपासून वरच्या मोठ्या भोकाच्या, म्हणजे अर्थिंगच्या खिळीपर्यंत दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा लावलेला. अर्थिंगची खरी वायर तिथं आलेलीच नव्हती.

दोन इंचांच्या त्या तुकड्यानं काय केलं ते नीट समजून घ्या. चार्जर अर्थिंग आहे का हे तपासतो, नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकलं की त्याला अर्थिंग मिळाल्यासारखं वाटतं. सगळं सुरळीत असेपर्यंत काही कळत नाही. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की घरातल्या चालू पंख्यातून, फ्रिजमधून आलेला करंट परतीची वाट न मिळाल्यानं न्यूट्रलच्या वायरीवर तसाच उभा राहतो, आणि त्या तुकड्यावरून गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबराच्या टायरांवर उभी, करंट जमिनीत जायला वाट नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस ती वाट होतो. आणि घरात अंधार असल्यामुळं आपण समजतो की लाइट नाही, म्हणजे भीती नाही.

हा जुगाड मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी आहे. कूलरला आहे, बोअरच्या स्टार्टरला आहे. तुमच्या अंगणातल्या प्लगमध्ये नसेलच असं समजू नका. गाडी घ्यायच्या आधी बघा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. 15 अँपिअरच्या प्लगवर गाडी चार्ज होते. पण गिझर वीस मिनिटं चालतो आणि गाडी रात्रभर ओढते, त्यामुळं गिझर चालतो म्हणून गाडीही चालेल, हे धरून चालू नका. मीटरच्या बोर्डापासून फक्त गाडीसाठी वेगळी लाइन ओढा, तांब्याची, 4 चौरस मिलिमीटरची. मध्ये जोड नको. त्या लाइनला वेगळी एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, शॉक लागताना ती पडत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. पडली नाही तर बदलायची. एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळलेली वायर, खिडकीतून बाहेर काढलेला प्लग, हे गाडीला कधीच नाही. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं प्लगवर हात ठेवून बघा. कोमट चालतो, हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी बंद करा. भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर घेणार असाल तर तो 32 अँपिअर ओढतो, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. रोज 80-100 किलोमीटर असेल तर त्याची गरज नाही असं माझं मत आहे.

अर्थिंगचा खड्डा आम्ही त्याच महिन्यात केला. तीन मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, वर झाकण. वेगळी लाइन, आरसीसीबी, सगळं धरून साडेअकरा हजार लागले. आणि इथून खरं भांडण सुरू झालं, कारण खड्ड्याला पाणी लागतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम चालतं, पण एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि अर्थिंग कमजोर पडतं. मग चार्जर पुन्हा लाल. मी आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या ओतायला लागले. तेव्हा आमच्याकडं नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं. थोरले दीर अंगणात उभे राहून म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तू जमिनीला पाजायलीस?"

लातूरच्या माणसाला पाण्याचं मी काय सांगणार, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी तुमच्याकडंच आलं. दिरांचं म्हणणं मला खोटं वाटलं नव्हतं. पण उपाय बादली बंद करणं नव्हता. आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी आम्ही मोरीत सोडत होतो. आता त्याची नळी खड्ड्याकडं वळवली आहे. कूलरची टाकी धुताना निघणारं क्षाराचं पाणीही तिथंच जातं. असलं खारट पाणी झाडाला नको असतं, अर्थिंगला ते चांगलंच. पिण्याचा एक थेंब लागत नाही. हे मी त्यांना दाखवलं, त्यावर ते म्हणाले, "पण मुळात गाडीच खराब निघाली तुमची, आमच्या कूलरला पंधरा वर्षांत काही झालं नाही." भाऊजी, पंधरा वर्षांत तुमचा न्यूट्रल तुटला नाही, एवढंच झालं. आत्याबाई तुमचीही आई आहे. त्या कूलरमधला न्यूट्रल-अर्थिंग जोडणारा तुकडा काढून टाका, हे मी तीन वेळा तोंडानं सांगितलंय, इथं चौथ्यांदा लिहितेय.

बाकीचा मेंटेनन्स थोडक्यात, कारण तो खरंच थोडा आहे. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघा. बॅटरीमुळं ही गाडी जड असते आणि टायर लवकर झिजतात. इथून जालन्यावरून समृद्धीला लागून 120 नं पळवायची असेल तर उन्हाळ्यात झिजलेल्या टायरवर अजिबात जाऊ नका. ब्रेकचे पॅड जास्त टिकतात, कारण पाय उचलल्यावर मोटारच गाडी आवरते. पण त्यामुळंच डिस्कला गंज धरतो, म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक नीट दाबून वापरा. बॉनेटखाली साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असूनही गाडी उठत नाही. माझी एकदा शाळेच्या दारात अशीच बसली होती. कूलंटची पातळी बघा, कमी झालं तर त्यात नळाचं पाणी टाकू नका, कंपनी सांगते तेच टाका. घरात सोयाबीनची, ज्वारीची पोती असतील तर उंदीर असतातच, ते वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का ते बघत जा. नारंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्यांना स्वतः हात लावायचा नाही आणि गॅरेजवाल्यालाही लावू द्यायचा नाही.

दुपारी 43-44 अंशांत गाडी उन्हात तापवून लगेच फास्ट चार्जरला लावू नका. थोडी सावलीत थांबू द्या. ओढ्याच्या पाण्यातून घालू नका, बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असलं तरी. पाण्यात बुडून निघाली असेल तर चार्जिंगला न लावता सर्व्हिस सेंटरला उचलून न्या. आणि गाडीखालून धूर, फुसफुस आवाज किंवा विचित्र वास आला तर लांब जा, 101 किंवा 112 ला फोन करा. ती आग घरच्या बादलीनं विझत नाही, विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते.

रोज किती टक्के चार्ज करायची ते बॅटरीच्या प्रकारावर आहे. माझी एलएफपी आहे, म्हणून मी आठवड्यातून एकदा पूर्ण 100 करते. एनएमसी असेल तर रोज 80 वर थांबवलेलं बरं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा आणि माझ्या लिहिण्याशी जुळलं नाही तर पुस्तकाचं ऐका. मी इलेक्ट्रिशियन नाही. वायरिंगचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, घरातल्या जाणत्या माणसाकडून नाही, तो कितीही जवळचा असला तरी.

वायरमन आला की न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा. आमच्याकडं खड्डा झाल्यावर ते 2 व्होल्टच्या आत आलं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, तुकडा जोडलेला असेल तर मीटर शून्यच दाखवतो. आधी मेन पाडून सॉकेट उघडायला सांगा, आणि मोठ्या भोकाची वायर तिथून निघून कुठं जाते ते खड्ड्यापर्यंत चालत जाऊन दाखवायला सांगा.