शोधनिबंध छापण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

भाषा, इतिहास, लोकसाहित्य या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकांची पत्रं यंदा बरीच आली. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ‘तीन दिवसांत शोधनिबंध प्रकाशित, फी 1,500 रुपये, आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर’ असा ईमेल आला आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद झाल्यापासून सगळी जर्नल्स सारखीच, असं आमच्याकडं बोललं जातं. निबंध पाठवू का? – संशोधक विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : पाठवू नका. मानव्यविद्येतला निबंध दोन तज्ज्ञांनी नीट वाचून शेरे द्यायचे तर काही आठवडे, बहुतेकदा काही महिने जातात. तीन दिवसांत होतं ते फक्त पैसे जमा करणं आणि पीडीएफ चढवणं.

यूजीसीनं 2019 मध्ये सुरू केलेली केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. त्याचा अर्थ निकष गेले असा नाही. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता विद्यापीठावर आणि तुमच्यावर आली आहे. आधी एक गोष्ट तपासा : तुम्हाला आत्ता निबंध छापणं खरंच सक्तीचं आहे का? यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट काढून टाकली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, तेव्हा पीएच.डी. विभागाकडून चालू परिपत्रकाची प्रत मागून घ्या. तोंडी माहितीवर विसंबून घाईघाईत 1,500 रुपये भरलेले आणि चांगला निबंध वाया घालवलेले विद्यार्थी दर वर्षी दिसतात. वाईट वाटतं.

आयएसएसएन म्हणजे केवळ ओळख क्रमांक. तो दर्जा सांगत नाही. तरी आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर तो आठ अंकी क्रमांक टाकून पाहा आणि तिथलं शीर्षक, प्रकाशक, संकेतस्थळ ईमेलमधल्याशी ताडून घ्या. जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाचं हुबेहूब खोटं संकेतस्थळ बनवून पैसे उकळले जातात, ते इथे उघडं पडतं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी आपल्या वार्षिक अहवालात देते. त्या अहवालात नियतकालिकाचं नाव नसेल तर आकडा बनावट समजा.

मग गेल्या वर्षीचा एक अंक उघडा. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, ग्रामीण कविता असे शंभरावर निबंध असतील तर ते कुणी वाचलेले नाहीत. संपादक मंडळातली दोन नावं निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरचा ईमेल काढा आणि विचारा, ‘आपण या मंडळावर आहात का?’ बऱ्याच जणांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. फी घेणं हा दोष नव्हे. ती आधी जाहीर न करणं किंवा परीक्षणाचा निकाल लागायच्या आत मागणं हा दोष आहे.

एकदिवसीय चर्चासत्राच्या ‘आयएसबीएन असलेल्या’ पुस्तकालाही हेच लागू. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि भारतात तो मोफत मिळतो. त्याच्यासाठी म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हा.

निबंध आधीच पाठवला असेल तर पैसे भरण्यापूर्वी, हक्कपत्रावर सही करण्यापूर्वी ईमेलनं मागे घ्या आणि मागे घेतल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत दुसरीकडं पाठवू नका. ‘मागे घेण्याची फी’ मागितली तर देऊ नका. पत्रव्यवहार जपून ठेवा.

प्रश्न : क्षेत्रकार्य मी केलं, निबंध मी लिहिला. मार्गदर्शक म्हणतात, पहिलं नाव माझं टाका. नाही कसं म्हणू? – लातूर

उत्तर : मार्गदर्शन केलं म्हणून कुणी लेखक ठरत नाही. विषय सुचवणं, संदर्भ सांगणं, शुद्धलेखन तपासणं यासाठी ऋणनिर्देश असतो. प्रश्नाची मांडणी, सामग्रीचा अर्थ लावणं किंवा मजकूर लिहिणं यात प्रत्यक्ष वाटा असेल आणि छापल्यावर प्रत्येक ओळीचं उत्तर द्यायची तयारी असेल, तरच नाव. वाटा मोठा असेल तर नाव आधी येतं.

ही मागणी कुठून येते तेही समजून घ्या. यूजीसीच्या 2018 च्या प्राध्यापकांच्या नेमणूक-पदोन्नती नियमांत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के गुण मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. म्हणजे तुमच्या बाबतीत, दोघांचाच निबंध असताना, पहिलं की दुसरं यानं सरांच्या गुणांत काहीच फरक पडत नाही. हे बऱ्याच मार्गदर्शकांच्या लक्षात आलेलं नसतं आणि नम्रपणे दाखवलं की पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

बोलायचं ते लिहिण्यापूर्वी बोला. ‘सर, प्रकरण दोनमधल्या सामग्रीवर निबंध करते आहे. मांडणीत आपला कोणता भाग धरू?’ असं विचारून जे ठरेल ते ईमेलनं कळवा. वाद उरलाच तर संशोधन सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत मांडा. ती समिती याचसाठी असते. एकटीनं फोनवर भांडण काढू नका, त्यात नुकसान विद्यार्थ्याचंच होतं.

प्रश्न : माझ्या मराठी प्रबंधाचा साम्य-अहवाल (मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो याची सॉफ्टवेअरनं केलेली मोजणी) 27 टक्के आला. मैत्रिणीचा 2 टक्के. तिनं जुन्या फाँटमध्ये टाइप केलं होतं. मीही तसंच करू का? – परभणी

उत्तर : अजिबात करू नका. मैत्रिणीचा 2 टक्के आकडा निरर्थक आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं साठवलेली असतात. सॉफ्टवेअर तीच वाचतं आणि अर्थात कशाशीच जुळत नाही. परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की लगेच कळतं. उद्या कुणी ती फाइल युनिकोडमध्ये (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) फिरवून पुन्हा तपासली तर पदवी धोक्यात येईल. मैत्रिणीनं आत्ताच रूपांतर करून घ्यावं. त्यात रफार, ऱ्ह, क्ष, ज्ञ ही जोडाक्षरं बिघडतात, म्हणून पानन्‌पान डोळ्याखालून घालावं.

आता तुमचे 27. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. 10 ते 40 मध्ये दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा सादर करायचं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणी रद्द. पण संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळायचे असतात. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही वगळलं जातं. एकनाथांचे किंवा जनाबाईंचे अभंग तुम्ही अवतरणचिन्हं न घालता दिले असतील तर ते सगळे 27 मध्ये मोजले गेले. ग्रंथपालांसोबत बसून अहवालातली एकेक रंगीत ओळ बघा. अवतरण असेल तिथे चिन्हं आणि तळटीप घाला. दुसऱ्याचं वाक्य शब्द फिरवून घेतलं असेल तर ते खोडा, पुस्तक मिटून ठेवा आणि मुद्दा स्वतःच्या समजुतीनं लिहा. तरीही तळटीप द्याच.

आणि आकडा शून्य आला तरी चोरी असू शकते. हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणलं आणि मूळ लेखकाचं नाव गाळलं, तर यंत्राला सहसा दिसत नाही. मराठीत हा प्रकार फार झाला आहे. तोंडी परीक्षेला त्या विषयाचा जाणकार परीक्षक आला की तो दुसऱ्या प्रश्नातच ही चोरी ओळखतो.

प्रश्न : जात्यावरच्या ओव्या गावोगावी रेकॉर्ड केल्या. बायांची नावं द्यायची की नाही? यूट्यूबवर टाकल्या तर चालतील का? – अंबाजोगाई

उत्तर : ओवी परंपरेची असली तरी ते गाणं त्या बाईचं आहे, आणि कायदाही तेच सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे, सादरीकरणापासून 50 वर्षांचा. संशोधनासाठी किंवा शिकवण्यासाठी रेकॉर्डिंग करायला कलम 39 मध्ये मोकळीक आहे. यूट्यूब त्यात बसत नाही. त्याला वेगळी परवानगी लागते.

परवानगीचा छापील कागद पुढं केला की सह्या न येणाऱ्या आजीबाई घाबरतात. त्यापेक्षा रेकॉर्डर सुरू करून तारीख, गाव सांगा आणि त्यांच्याच बोलीत विचारा : ‘मावशी, हे मी पुस्तकात लिहू का? तुमचं नाव टाकू का? हा आवाज मोबाइलवर सगळ्यांनी ऐकलेला चालंल का?’ प्रश्न तीन, उत्तरं तीन. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही असं पुष्कळदा येतं. घरातले पुरुष समोर असताना मिळालेला होकार पुरेसा धरू नका, एकटी असताना पुन्हा विचारा. प्रबंध पुढं शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, चढतो आणि जगात कुणालाही वाचता येतो, हेही सांगितलं पाहिजे.

नाव द्यायला तिची ना नसेल तर नाव द्याच. ‘एका वृद्धेकडून ऐकलेली ओवी’ असं लिहिणं म्हणजे तिचं श्रेय बुडवणं. मात्र ओवीत सासूचा, जावेचा, जिवंत माणसाचा नावानिशी उद्धार असतो, कुठं जातीचा उल्लेख असतो. अशा ओव्यांपाशी गायिकेचं आणि गावाचं नाव गाळा, तसं गाळल्याचं टिपेत सांगा. बोली शुद्ध करू नका, ‘गं बाई’ काढू नका. एकच ओवी दोघींनी वेगळी म्हटली असेल तर दोन्ही पाठ द्या.

तिचा रोज बुडत असेल तर तो भरून द्या आणि निबंधात तसं लिहा. ओवीमागं पैसे ठरवू नका, मग संख्या वाढवण्यासाठी कुठल्याही ओव्या येतात. छापण्याआधी उतारा वाचून दाखवा, रेकॉर्डिंगची प्रत तिच्या घरी द्या.

प्रश्न : मोडी येत नाही. एका घरच्या दफ्तरातली कागदपत्रं पैसे देऊन लिप्यंतर करून घेतली. हे सांगावं लागतं का? – कंधार

उत्तर : हो. कोणते कागद कुणी वाचले, ते दुसऱ्या कुणाकडून तपासले का, हे पहिल्या टिपेतच लिहा. पैसे दिले म्हणून श्रेय संपत नाही. न लागलेला शब्द अंदाजानं भरू नका, कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, मूळ कागद घराबाहेर नेऊ नका, आणि घरात जमिनीचा वाद चालू असेल तर मालकाला आधी मजकूर दाखवून मगच छापा.

निजामी काळातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचं वर्ष, असतो. मूळ तारीख आधी द्या, इसवी सन कंसात. फसलीत 590 मिळवायचे की 591 हे महिन्यावर ठरतं. महिना वाचता येत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा.